वाढणारा डोंगर आणि झिपऱ्या कुत्रा

घ्या आधी हातपाय पांघरुणात. हं. तर एक राजा होता बरं का, आणि त्याला चालायलाच यायचं नाही!

लंगडा नव्हता काही. दोन्ही पाय चांगले धडधाकट. पण कधी वापरलेच नव्हते. नाव रणधीर, आणि पाय म्हणजे नुसते लोण्याचे गोळे. पलंगावरून झोपाळ्यावर, झोपाळ्यावरून पालखीत. उचलायला बारा भोई. हसताय काय? तुम्ही तरी कुठे कुरकुर न करता जिना चढता!

राजाला एकुलती एक लेक होती, मैना. राणी बिचारी लवकर देवाघरी गेली, त्यामुळे मैना म्हणजे त्याचा जीव की प्राण. आणि मैनेचा जीव झिपऱ्यावर. झिपऱ्या म्हणजे तिचा कुत्रा. अंगभर एवढे केस, की तोंड कुठलं आणि शेपूट कुठली तेच कळायचं नाही.

एकदा काय झालं, मैनेला ताप भरला. असा भरला की पोर डोळेच उघडेना. मग वैद्य आले, काढे झाले, नवस झाले. कशाने म्हणून उतार पडेना. मग रानातून एक म्हातारी वैदीण आली. तिनं नाडी पाहिली न् म्हणाली, "समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पाण्याचं टाकं आहे. त्यातलं पाणी पाजा, पोर उठेल. पण बापानं स्वतःच्या पायांनी जाऊन आणलं पाहिजे. दुसऱ्या कुणी आणलं तर वाटेतच त्याचा चिखल होईल. आणि अमावास्येच्या आत आणा. पुढे माझ्या हातात काही नाही."

अमावास्या तर अगदी तोंडावर आलेली! राजा म्हणाला, "मी जातो." सगळा दरबार एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागला.

मग राजा निघाला. कसा निघाला? भर दुपारी, पुरणपोळ्या हाणून, पायांत जरीचे नवे जोडे घालून! आणि पडत-धडपडत वर पळत सुटला. अर्ध्यात जाईपर्यंत धाप लागली, जोडे चावले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यानं वर बघितलं न् ओरडला, "अरे देवा, अजून किती राहिलं?"

आणि काय सांगू बाळांनो, डोंगर झाला की आणखी पुरुषभर उंच! राजाला वाटलं, भास झाला. त्यानं पुन्हा विचारलं. डोंगर पुन्हा वाढला. शेवटी बसत, घसरत, धोतर फाडून घेत स्वारी खाली आली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, आज जय्यत तयारीनं जायचं. पाठीवर गादी घेतली, लोड घेतला, छत्री घेतली, पानाचा डबा घेतला. स्वतःच उचलायचं हो सगळं! पहिल्याच चढाला ओझ्यानं कंबरडं मोडलं. "अजून किती राहिलं रे बाबा?" म्हणाला मात्र, डोंगर वर आणि राजा गादीसकट खाली.

मग राजा मैनेच्या उशाशी बसला. तिचा हात हातात घेतला, तर नुसता निखारा. ढसाढसा रडला बिचारा. मग डोळे पुसले न् म्हणाला, "उद्या पुन्हा जाणार. पाय चालले नाहीत तर रांगत जाईन. पण जाणार."

तेव्हा पलंगाखालून झिपऱ्या म्हणाला, "महाराज, उद्या मी येतो. मला त्या डोंगराची खोड माहीत आहे."

त्या काळी कुत्री बोलायची, बरं का.

राजा म्हणाला, "तुला माहीत आहे? मग आधी नाही का सांगायचंस!"

"तुम्ही देवाला विचारलंत, डोंगराला विचारलंत. मला कुणी विचारलं? आता ऐका. उजाडताच निघायचं. पायांत जुन्या, मऊ वहाणा. बरोबर पाणी, भाकर आणि गूळ. गादीबिदी काही नको. आणि महाराज, 'अजून किती' हे विचारायचं नाही. विचारलं की तो डोंगर वाढतो. शेंड्याकडे बघूच नका. पुढचं झाड बघा न् तिथवर चला."

तिसऱ्या दिवशी उजाडताच दोघं निघाले. झिपऱ्या पुढे, राजा मागे. एका झाडापर्यंत जायचं, सावलीत टेकायचं, दोन घोट पाणी प्यायचं. मग पुढचं झाड. प्रश्न अगदी जिभेवर यायचा, की राजा पटकन गुळाचा खडा तोंडात टाकायचा! असं करत करत बरंच वर आले.

मग झाडं संपली. पुढे नुसता काळा कातळ, उन्हानं तापलेला. झिपऱ्यानं पाय ठेवला न् कळवळला. राजाच्या पायांत वहाणा होत्या, त्याला कुठल्या? तो म्हणाला, "महाराज, तुम्ही व्हा पुढे. माझे पाय पोळतात."

"वा रे वा! उठल्याउठल्या माझ्या मैनेनं विचारलं, झिपऱ्या कुठाय, तर काय सांगू?"

असं म्हणून राजानं त्याला उचललं न् खांद्यावर घेतलं. बारा भोयांनी उचलायचा राजा, तो आज स्वतः भोई झाला! घामानं डोळे चुरचुरले. गूळही संपला होता. तरी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. थांबला म्हणून नाही.

डोंगर बघत होता. त्याला राहवेना. आजवर त्याला सगळ्यांनी विचारलेलं, आज त्यानंच विचारलं, "राजा, अजून किती चालशील रे?"

राजा म्हणाला, "तू असशील तेवढं. वाढायचं तर वाढ बाबा. मी येतोच आहे."

झालं! एवढं ऐकलं न् तो एवढा मोठा डोंगर, म्हैस बसते ना, तसा हळूच खाली बसला. राजानं पुढचं पाऊल टाकलं, तर समोर टाकं! काचेसारखं पाणी!

झिपऱ्यानं उडी मारून आधी तोंडच घातलं पाण्यात. राजा रागावला नाही. "पी बाबा, तुझाच मान," म्हणाला. मग तांब्या भरून घेतला न् बेतानं, आडवी पावलं टाकत उतरला. उतरतानाच पडतात माणसं, लक्षात ठेवा.

घरी येईपर्यंत पाण्याचा चिखल काही झाला नाही. राजानं ते मैनेच्या ओठांना लावलं. एक घोट गेला. दुसरा गेला. तिसरा घोट गेला न् पोरीनं डोळे उघडले! समोर बाप. तोंड रापलेलं, कपडे फाटलेले, पायांना हे एवढे फोड.

मैना म्हणाली, "बाबा, तुम्ही चालत गेला होतात? माझ्यासाठी?"

राजानं तिला जवळ घेतलं न् मान डोलावली.

"मग मलापण न्या ना," ती म्हणाली.

मग चांगली खडखडीत बरी झाल्यावर नेलं की तिला! पुढे झिपऱ्या, मधे मैना, मागे राजा. त्यांचे दिवस सुखात गेले, तसेच तुमचेही जावोत रे लेकरांनो. चला, मिटा डोळे आता.