अंगणातली सात वल्ही

खाडीवर पूल नव्हते आणि राजाची गलबतं शिडावर चालत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका गावात होडी हाकण्यात मुरलेला एक म्हातारा तांडेल राहायचा. होड्यांच्या शर्यतीसाठी तो तरुणांना तयार करी. जे गाव जिंकेल, त्याची जाळी वर्षभर खाडीच्या तोंडाशी पहिली पडत. म्हणजे त्या गावाच्या चुली वर्षभर पेटत्या.

तांडेलाच्या हाताखाली कुणी ना कुणी तयारीचा गडी शिकायला असेच. पण तो नावारूपाला आला, की राजाच्या आरमाराचा सरदार त्याला घेऊन जाई. जाणारा आपलं वल्हं तांडेलाच्या अंगणात रोवून जायचा, अशी रीत होती. अशी सहा वल्ही उभी होती. शेजारीण त्यांना दोरी बांधून बोंबील वाळवायची.

"अहो तांडेलदादा," ती म्हणायची, "आरमाराला माणसं पुरवायचा मक्ता घेतलाय का तुम्ही? जरा हात राखून शिकवा की!"

"हात राखला तर माझाच हात कसब विसरेल," तांडेल हसायचा.

त्या वर्षी त्याला सगळ्यांत गुणी गडी मिळाला होता. पाण्याचा रंग बघून ओढ ओळखायचा. सुकाणू त्याच्या हाती असलं, की होडी सुरीसारखी जायची. गावाने जिंकल्यातच जमा धरलं होतं.

शर्यत आठ दिवसांवर आली आणि सरदार दारात उभा राहिला.

"या गड्याला न्यावं म्हणतो. तयार आहे का?"

कुंपणापलीकडून शेजारणीने खुणा केल्या, नाही म्हणा, नाही म्हणा! 'अजून कच्चा आहे,' एवढे तीन शब्द पुरेसे होते. तांडेलाच्या ओठांवर ते आलेही. मग त्याने गड्याकडे पाहिलं. गडी मान खाली घालून उभा होता, पण त्याची नजर चोरून सरदाराच्या गलबताकडे जात होती.

"पक्का आहे," तांडेल म्हणाला. "माझ्याहून पक्का."

अंगणात सातवं वल्हं रोवलं गेलं.

सुकाणूवर मग तांडेल स्वतः बसला. म्हाताऱ्या डोळ्यांना ओढ उशिरा दिसली आणि होडी अर्ध्या वल्ह्याने हरली. गावाने तोंडं फिरवली. त्या रात्री तांडेल जेवला नाही. शेजारणीने भाकरी आणून ठेवली.

सकाळी अंगणात पावलं वाजली. खाडीकाठच्या गावांतले सात तरुण उभे होते. त्यांच्यात काल जिंकलेल्या होडीचा सुकाणूवालाही होता.

"तू रे इकडे कसा?" तांडेलाने विचारलं.

"आमचा तांडेल सरदाराला दरसाल सांगतो, पोरं कच्ची आहेत. बाबा, तुम्ही काल हरलात, पण सरदारापुढे खरं बोललात, हे साऱ्या खाडीला कळलंय. आम्हा साऱ्यांना इथे शिकायचंय. तुमच्याच गावात राहू, तुमचीच होडी वल्हवू."

तांडेल उठला. त्याने अंगणातल्या वल्ह्यांकडे बोट केलं. एकेकाने एकेक वल्हं उपटून घेतलं.

"अगं बाई! आता मी बोंबील वाळवू कुठे?" शेजारीण ओरडली, आणि पदराने डोळे पुसत पाहुण्यांसाठी तांदूळ निवडायला बसली.

पुढच्या वर्षी गावाची जाळी पहिली पडली. आणि सरदार पुन्हा दारात आला, तेव्हा शेजारणीनेच त्याला बसायला पाट दिला.

तात्पर्य: जो आपल्या माणसाला मोकळ्या मनाने मोठं होऊ देतो, त्याचं अंगण माणसांवाचून राहत नाही.