एरिओनचे शिरस्त्राण

एका राज्यात, जिथे डोंगर समुद्रात पाय सोडून बसतात त्या ग्रीक यवनांच्या मुलखात, निकांद्र नावाचा योद्धा होता. पैलतीरीचा राजपुत्र एरिओन याला त्याने द्वंद्वात मारले आणि त्याचे सोन्याचे शिरस्त्राण लुटून आणले. गलबत स्वदेशी लागले, तेव्हा ते त्याने दिमाखाने डोक्यावर चढवले.

तोच सोबती किंचाळले, "एरिओन! मेलेला एरिओन!" आणि तलवारी उपसल्या.

निकांद्र आधी हसला, मग पळाला. शिरस्त्राण काढले, तरी लोक मागे लागलेलेच. धापा टाकीत तो घरी पोहोचला. दारात त्याची बायको फिलीना उभी होती.

"माझ्या नवऱ्याचे काय केलेस?" तिने विचारले आणि दार लावून घेतले.

झऱ्यात पाहतो तो काय, चेहरा परका! कोवळी दाढी, हनुवटीवर तीळ. आणि कधी न पाहिलेले एक अंजिराचे झाड त्याला आठवू लागले. त्यावरून आपण पडलो होतो, गुडघा फुटला होता. कुणाचा गुडघा? त्याला काही उमगेना.

झऱ्याकाठचा हुदहुद पक्षी म्हणाला, "वनात थियानो चेटकीण राहते. तिला विचार."

थियानोने शिरस्त्राण हाती घेतले. "शापित आहे. मेलेल्याचे जो लुटतो, तो मेलेल्याचा होतो. तीन कामे कर. शस्त्रावाचून समुद्र ओलांड. एरिओनच्या घरचे अन्न खा. मग त्याच घरात स्वतःचे नाव सांग."

"तिथे मला जिवंत सोडतील?"

"ते मी जाणत नाही."

तलवार वाळूत टाकून, शिरस्त्राण काखेत घेऊन निकांद्र होडीत बसला. भर समुद्रात महासर्पाने फणा काढला. निकांद्रचा हात रित्या कमरेशी गेला. पण सर्पाने एरिओनचा चेहरा ओळखला, मस्तक लववले आणि वाट दिली.

पैलतीरी एरिओनची आई, राणी मेलिता, धावत आली. "आलास? मेलास म्हणाले होते रे सारे!" तिने त्याला उराशी धरले, भाकरी आणि मध वाढला. पहिल्या घासालाच त्याला ती चव ओळखीची वाटली. तोंडून "आई" निघून गेले. तो दचकला. असेच राहिले तर? ही म्हातारी सुखात राहील, आपलाही जीव वाचेल. आपण नक्की कोण, हेच धड कळत नसताना खोटे तरी कसले?

मग त्याला फिलीनाचा प्रश्न आठवला. तो उठला.

"राणीसाहेब, मी निकांद्र. तुमच्या एरिओनला मी मारले."

त्याच्यावरचा एरिओनचा चेहरा राखेसारखा गळून पडला. शिपायांनी भाले रोखले. पण राणीने हात वर केला.

"थांबा. तो माझ्या घरी जेवला आहे. पाहुण्यावर हात टाकायचा नाही." मग हळूच तिने विचारले, "तो भ्याला होता का?"

"नाही. मी भ्यालो होतो."

राणीने शिरस्त्राण मांडीवर घेतले आणि मुलासाठी प्रथमच मोकळेपणी रडली. दुसऱ्या दिवशी तिने एरिओनच्या नावाने चिता रचली, शिरस्त्राण तिच्यावर ठेवले, आणि दोन्ही तीरांचे वैर त्याच अग्नीत संपवले.

निकांद्र घरी परतला. फिलीनाने दार उघडताक्षणी त्याला ओळखले. तो मात्र उंबऱ्यावर क्षणभर घुटमळला, आणि मग त्याने तिला नावाने हाक मारली.