दोघी ऐकत बसल्या

एका नदीच्या काठाला दोन गावं होती. वरच्या गावाजवळ धरण होतं आणि खालच्या गावातले लोक नदीच्या वाळूत कलिंगडं लावत. धरणाचा दरवाजा उघडायचा असला की एक म्हातारा हलगी वाजवत काठाकाठाने खाली यायचा, आणि वाळूतली माणसं वर चढायची.

पुढे म्हाताऱ्याचे गुडघे धरले. त्या खोऱ्यात मोबाईलला रेंज नव्हती, पण दोन गावांमध्ये एक तार ओढलेली होती. तिच्या दोन टोकांना दोन कॉम्प्युटर ठेवायचे, असं पंचांनी ठरवलं. त्यांचे प्रोग्राम लिहिता येणाऱ्या खोऱ्यात दोघीच होत्या, सख्ख्या बहिणी. थोरली वर धरणावर कामाला होती, धाकटी खाली शाळेत शिकवायची.

अडचण एवढीच, की दोघींचा वर्षभर अबोला होता. कशावरून? आईच्या जात्यावरून. त्यावर दळायला दोघींपैकी एकीलाही वेळ नव्हता, पण ते असू द्या.

तर दोघींनी आपापल्या घरी बसून आपापला अर्धा भाग लिहिला. थोरलीचा प्रोग्राम सर्व्हर, म्हणजे दार उघडून बसणारा. धाकटीचा क्लायंट, म्हणजे त्या दारावर थाप मारणारा. मधले निरोप म्हातारा काठी टेकत न्यायचा.

"तिच्या मशीनचा पत्ता काय, तेवढं विचारा," धाकटी म्हणाली.

"पत्ता हा घ्या. आणि पोर्ट सात हजार सात. म्हणजे मशीनच्या कितव्या दारावर थाप मारायची, ते," थोरली म्हणाली.

"एकदा समोरासमोर बसा की गं," म्हातारा दोघींनाही म्हणाला.

"काम होतंय ना, बाबा?" दोघींनी वेगवेगळ्या घरी एकच उत्तर दिलं.

पहिल्या दिवशी धाकटीने थाप मारली तेव्हा थोरलीने प्रोग्राम सुरूच केला नव्हता. 'समोर कुणी ऐकत नाही' असं पडद्यावर आलं. धाकटी म्हणाली, "बघा, दारच लावून घेतलंय." दुसऱ्या दिवशी थोरली आधी बसली. मग थाप पडली, दार उघडलं, आणि दोन्ही पडद्यांवर 'जोडले गेले' अशी हिरवी अक्षरं आली. गावाने पेढे वाटले. बोलून मात्र कुणी पाहिलं नाही.

आठवड्याने धरण भरलं. थोरलीने पडद्याकडे पाहिलं, हिरवी अक्षरं होती. 'खालून काही विचारलेलं नाही, म्हणजे नदीत कुणी नसणार,' असं म्हणून तिने दरवाजा उघडला. खाली धाकटीनेही पडद्याकडे पाहिलं. 'वरून काही आलेलं नाही, म्हणजे पाणी सुटणार नाही,' असं म्हणून ती फळ्याकडे वळली.

म्हातारा तेव्हा वाळूत बसून कलिंगड कापत होता.

मुलांचा ओरडा ऐकून धाकटी धावली. म्हातारा छातीभर पाण्यात एका खांबाला धरून उभा होता. दोर बांधून तिने आणि चार माणसांनी त्याला ओढून काढलं. कलिंगडाचे वेल सगळे वाहून गेले.

बातमी वर पोचली तशी थोरली दरवाजा बंद करून अनवाणी धावत आली. म्हातारा गोधडीत कुडकुडत होता. एका बाजूला थोरली बसली, दुसऱ्या बाजूला धाकटी.

"तू तुझ्या मशीनला काय सांगून ठेवलं होतंस?" म्हाताऱ्याने थोरलीला विचारलं.

"दार उघडून बस आणि ऐक. थाप मारणाऱ्याने आधी आपलं काम सांगावं ना, बाबा."

"आन् तू गं?"

"थाप मार आणि ऐक," धाकटी म्हणाली. "ज्याचं दार, त्याने आधी 'या' म्हणावं."

"म्हंजी दोघी कान लावून बसलात व्हय," म्हातारा हळूच म्हणाला. "मी हलगी घेतली, की कुणी इचारंल म्हणून थांबत नव्हतो."

थोरलीचे डोळे भरून आले. "चुकलं माझं," ती बहिणीला म्हणाली. "दरवाजा माझ्या हातात होता. मी आधी बोलायला हवं होतं."

"मला तर रोज तुझ्याशी बोलायचं होतं, ताई," धाकटी म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्या संध्याकाळी दोघी एका चटईवर बसल्या आणि सगळं नव्याने ठरवलं. वरच्या मशीनने कुणी विचारायची वाट न पाहता आधी सांगायचं. खालच्याने नदी पाहून उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय दरवाजा हलवायचा नाही.

पुन्हा धरण भरलं, तेव्हा धाकटीच्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'पाणी सोडायचंय. नदीत कुणी आहे का?'

धाकटीने खिडकीतून नदी नीट पाहिली आणि लिहिलं, 'कुणी नाही. सोड.' मग जरा थांबून, ठरलेल्यात नसलेलं आणखी एक वाक्य तिने लिहिलं, 'ताई, जेवलीस का?'

त्या दिवशी दरवाजा उघडायला थोडा उशीर झाला. थोरली आधी उत्तर लिहीत बसली होती.

तात्पर्य: दोघंही ऐकत बसली असतील, तर पहिला शब्द आपण बोलावा, त्याने कुणाचा मान कमी होत नाही.