धुक्यातली ओ

ज्या काळी नकाशात सोल्वा बेटाच्या जागी नुसतं पाणी दाखवत, त्या काळची ही गोष्ट. सोल्वा पार उत्तरेला. उन्हाळा तिथं पाहुण्यासारखा येतो आणि पाणी प्यायच्या आत उठतो. दक्षिणेला ओरम हे कोळ्यांचं गाव, उत्तरेच्या कड्याखाली हास्का हे मेंढपाळांचं, आणि मधे नुसती दलदल. त्या दलदलीत धुकाळे राहतात, असं म्हणतात. धुकं उतरलं की ते ओळखीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारतात, आणि ओ देणारा पुन्हा दिसत नाही. म्हणून बेटाची रीतच होती : धुक्यात हाक आली की दार लावायचं आणि तोंड मिटायचं.

ओरमचं शेवटचं घर रुनाचं. तिचा नवरा ओलाव लोकर आणायला हास्क्याला गेला होता. परतताना धुकं उतरलं. दुपारी हाक आली, "रुना, कुठं आहेस?" तिचा हात कडीकडे गेला. शेजारची ब्रीटा नेमकी तिथं होती. तिनं रुनाचं मनगट धरलं.

"तो नव्हे बाई. ऐकूच नकोस."

रुना गप्प बसली. हाका येत राहिल्या, मग बारीक झाल्या, मग थांबल्या. धुकं विरलं तेव्हा ओलाव कुंपणापलीकडच्या चिखलात सापडला. रुनाला कुणी बोल लावला नाही, सगळ्यांनी तेच केलं असतं. पण तेच तिला सोसवेना.

पुढच्या धुक्यात पुन्हा ओलावच्या आवाजात हाक आली. ब्रीटा धावत आली.

"मेलेला माणूस हाक मारतो का गं? धुकाळा आहे तो."

"असू दे धुकाळा," रुना म्हणाली. "एकदा गप्प बसले, तेवढं पुरे झालं."

तिनं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहून ओ दिली. "ओऽ! इकडं, इकडं ये." ब्रीटानं घाबरून आपल्या घराला आतून अडसर घातला. रुना दिवसभर ओ देत राहिली, घसा फुटेपर्यंत. संध्याकाळच्या सुमारास त्या आवाजाच्या मागानं कोकरू खांद्यावर घेतलेला हास्क्याचा एक मेंढपाळ आला. त्याच्यामागून काकडलेला ब्रीटाचा मुलगा आला. तोही वाट चुकला होता. त्यानं आधी आईलाच हाक मारली होती. ते कळल्यावर ब्रीटा भर अंगणात मटकन खाली बसली.

मग धुकाळे आले, असं म्हणतात. करडे, ओलेचिंब, भिडस्त पोरांसारखे कुंपणाशी घोटाळणारे. ती सगळी ओ न मिळालेली माणसं होती. रुना एकेकाला ओ देई, तो सुस्कारा टाकी आणि विरून जाई. शेवटचा जरा पोक काढून चालत होता. त्यानं तिचं नाव घेतलं.

"ओ," रुना म्हणाली. "उशीर झाला रे मला."

त्यानं मान हलवली, आणि धुकं ओसरलं.

रुना म्हातारी होऊन गेली, तिचं घरही पडलं. पण सोल्वावर आजही धुकं उतरलं की दोन्ही गावांत दारं उघडतात, आणि घरटी एक माणूस उंबऱ्यावर उभं राहून ओ देतं. कोण आहे, कुठला आहे, हे आत आल्यावर, अंग कोरडं झाल्यावर विचारतात. आणि तिथलं बाळ बोलायला लागलं, की त्याला 'आई' म्हणायला नंतर शिकवतात. आधी ओ द्यायला शिकवतात.