परक्याचं भाडं नऊ नाणी

कनकबेटावर एकाच घराची दोन भाडी होती. बेटावरच्या माणसाला महिन्याला दोन नाणी आणि समुद्रापलीकडून आलेल्याला नऊ! घर तेच, गळकं छप्परही तेच. राहणारा बदलला की भाडं बदलायचं.

जिऊ आणि तिचा नवरा बाबल चौलचं घरदार मोडून इथे आले होते. बाबल गलबतं बांधणारा सुतार. राजाच्या गोदीत त्याला महिना दहा नाण्यांवर काम मिळालं होतं. त्यातली नऊ भाड्यात गेली तर दोघांनी खायचं काय, लाकडाचा भुसा? धर्मशाळेत पंधरा दिवसांपलीकडे थारा नव्हता. तोवर घर मिळालं नाही, तर परक्याला सरळ परतीच्या जहाजात बसवत. आणि परत जाऊन तरी राहणार कुठे?

बेटाची भाषा जिऊला येत होती. चौलच्या बंदरावर काथ्याचे दोर वळता वळता तिने ती खलाशांकडून उचलली होती. धर्मशाळेसमोर कुंदशेटचं घर रिकामं होतं. ती विचारायला गेली, तर लेक माहेरी आल्यासारखा शेटचा चेहरा खुलला.

"या, या बाईसाहेब! बसा! केवढ्या लांबून आलात, दमला असाल!"

"शेट, भाडं किती?"

"तुमच्याकडून जास्त कशाला घेऊ? नऊ!"

"आणि शेजारच्या घराचं?"

"दोन. पण ती आपली माणसं हो!"

जिऊ तडक दरबारात गेली. बाबल मागोमाग गेला, पण तो पडला सज्जन. म्हणजे वाद घालायच्या कामी निरुपयोगी.

राजा वीरकेतू महाहट्टी होता. एकदा भर उन्हाळ्यात तो चुकून "आज थंडी आहे" म्हणाला आणि शब्द मागे घ्यायला नको म्हणून दिवसभर घोंगडी पांघरून घाम पुसत बसला.

"महाराज," जिऊने विचारलं, "आपलं कोण आणि परकं कोण, हे ठरवतं कोण?"

"बेट ठरवतं! बेटाने आपलं मानलं तर दोन नाणी, नाहीतर नऊ. नियम माझ्या आजोबांचा आहे. तो बदलणार नाही!"

"मग बेटाने आपलं मानलं, हे ओळखायचं कसं?"

हे आजवर राजाला कुणी विचारलंच नव्हतं. तो चिडला.

"साक्षीदार आण! आठ दिवसांत! पण तू बोलवायचं नाहीस, पैसे चारायचे नाहीत, कुणाच्या पाया पडायचं नाही. माणसं आपणहून दरबारात आली पाहिजेत. नाही आली तर नवव्या दिवशी जहाज!"

दरबार खो खो हसला. बाहेर येताच बाबल पायरीवर मटकन बसला.

"जिऊ, इथे आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. आपणहून कोण येणार?"

"सगळे येतील. तुम्ही फक्त मध्ये पडू नका!"

दुसऱ्या दिवशी जिऊ विहिरीवर गेली आणि तिने आपली घागर रांगेत सर्वांत पुढे सरकवली. पहिला नंबर मंदारा मावशींचा होता. त्या ओरडल्या. जिऊ त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. मग तिने दुसरीच्या दोरीवर आपलं लुगडं वाळत घातलं. तिसरीच्या कालवणात बोट बुडवून, चिंच जास्त झाल्याचं सांगितलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या भांडणात एके दिवशी सुनेची बाजू घेतली आणि दुसऱ्या दिवशी सासूची, त्यामुळे दोघींची तिच्याविरुद्ध एकी झाली. कुंदशेटने रिकाम्या घराच्या दाराला नवा हिरवा रंग दिला होता. सगळी गल्ली तोंडावर वाहवा करत होती. जिऊ थबकली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "शेट, हा रंग आहे की शेवाळ धरलंय?" गल्ली हसली आणि शेटच्या अंगाचा तिळपापड झाला.

आठव्या दिवशी तीसेक माणसं दरबारात धडकली.

"महाराज, न्याय द्या! या बाईने जीव नकोसा केलाय!"

राजा म्हणाला, "अगं, मी साक्षीदार आणायला सांगितले होते, फिर्यादी नव्हेत!"

"महाराज, यांना मी बोलावलं का, ते विचारा. पैसे दिले का, तेही विचारा."

"हिच्याकडून पैसे?" मंदारा मावशी कडाडल्या. "हिच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही मी!"

"मावशी," जिऊने विचारलं, "उद्या मस्कतचा एखादा व्यापारी आला आणि त्याने घागर पुढे सरकवली, तर?"

"भरू देईन की! परक्या माणसाशी का कुणी भांडतं? बरं दिसतं का ते?"

"ऐकलंत, महाराज? परक्याशी ही गल्ली गोड बोलते आणि नऊ नाणी घेते. माझ्याशी आठ दिवसांत एक जण गोड बोललेला नाही. मग मी कोण?"

नऊ नाणी हातची चालली हे कुंदशेटच्या ध्यानात आलं. तो घाईघाईने पुढे झाला.

"छे छे! माझी काही तक्रारच नाही, महाराज! बसा ना बाईसाहेब, दमला असाल!"

जिऊ गोड हसली. "शेट, दारावरचं ते शेवाळ खरवडून देऊ का?"

"अगं भवाने! चार दिवस घोटलाय तो रंग! डोळे फुटले का तुझे—"

शेटने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. राजा इतका हसला, इतका हसला की मुकुट घसरून कानावर आला!

"कुंदशेट, सगळ्यात पक्का साक्षीदार तूच निघालास! दे किल्ली, दोन नाण्यांत! आणि जिऊ, आजपासून गोदीतल्या दोरखंडांचं काम तुझं. आणखी काय हवं ते माग!"

"महाराज, पुढच्या जहाजाने अकरा सुतार येताहेत चौलहून, बायकांसकट. त्यांनाही घरं लागतील."

"मग त्यांनीही आठ दिवसांत साक्षीदार आणावेत! नियम म्हणजे नियम!"

"आणतील की! त्या बायकांमध्ये सगळ्यात मवाळ मीच आहे."

राजाने समोरच्या तीस फिर्याद्यांकडे पाहिलं. त्यांना मनातल्या मनात अकराने गुणलं आणि मुकुट सरळ करत तो ओरडला, "दोन नाणी! येईल त्याला दोन नाणी! आजोबांना मी वर गेल्यावर समजावतो!"