भिंतीपलीकडची आंबील

फार जुन्या काळी एका गावात एका कोष्ट्याची मुलगी राहत होती, आणि त्या मुलीच्या पोटातही एक गाव होतं.

त्या गावाला लांबलचक, वळणावळणाची भिंत होती. भिंतीच्या आत पहारेकरी राहत. बाहेर वस्ती होती, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची. ती मंडळी मूळची तिथली नव्हती. कुणी आईच्या अंगावरून आलं होतं, कुणी मातीतून, कुणी ताकाच्या वाटीतून. पण मुलगी रांगत होती तेव्हापासून ती तिथं नांदत होती.

वस्तीत एक म्हातारी होती. मुलीला न पचणारा कोंडा, साली, देठ गोळा करून ती आंबील करी. त्या आंबिलीवरच भिंतीच्या विटा जिवंत राहत. गावची रीत अशी, की नव्या पहारेकऱ्याच्या हाती भाला देण्याआधी त्याला काही दिवस म्हातारीच्या चुलीपाशी बसवायचं. आंबील पिता पिता तो येणारे-जाणारे चेहरे बघायचा. शेजारी कोण आणि चोर कोण, हे त्याला तिथंच उमगायचं.

एकदा खरेच चोर भिंत फोडून आत शिरले. त्यांना हुसकावताना पहारेकऱ्यांचा म्होरक्या, म्हातारा नाईक, कामी आला. त्याचा मुलगा नाईक झाला आणि त्यानं पहिल्याच दिवशी रीत मोडली.

"पहारेकऱ्याला ओळखी कशाला हव्यात?" तो म्हणाला. "बाहेरचा तो बाहेरचा. दिसला की भाला फेका."

नवे पहारेकरी चूल न बघताच भिंतीवर चढले. वस्तीत कुणी हललं तरी ते भाले फेकत. वस्ती ओस पडू लागली. आंबील आटली, विटा सुकल्या, भिंतीला भेगा पडल्या. भेगांतून वस्तीतलं कुणी आत डोकावलं की नाईक ओरडे, "बघा, मी म्हणत नव्हतो?" मग आणखी भाले सुटत.

तिकडे मुलगी मागावर बसेनाशी झाली. पोटात कळा येत, शौचाला रक्त पडे. तिचे गाल आत गेले. वैद्यांनी पहारेकऱ्यांचे हात सैल पडतील असं औषध दिलं. भाले जरा थांबले, पण कुणी खाली ठेवेना.

त्या शांततेत नाईकानं आपला भाला पुसायला घेतला. टोकाला चोराचं रक्त नव्हतं. विटेचा लाल चुरा होता. त्यानं शेजारच्याचा भाला पाहिला, मग त्याच्या पलीकडच्याचा. सगळीकडे तोच चुरा.

तेवढ्यात भेगेपाशी म्हातारी उभी राहिली. हातात मडकं. चार भाले तिच्यावर रोखले गेले.

"काय नाईक," ती म्हणाली, "तुमचे वडील माझ्या चुलीपाशी बसून नाक पुसायला शिकले. तुम्हाला तेवढीही फुरसत झाली नाही?"

"माझे वडील बाहेरच्यांनीच मारले, आजी."

"चोरांनी मारले. त्या दिवशी चोरांची वाट अडवताना माझीही माणसं मेली. तुम्ही कधी विचारलंत?"

नाईकानं मडक्याकडे हात पुढे केला.

"नाईक, विष असेल," एक पहारेकरी म्हणाला.

"असलं तर मी पडेन. तू आहेस की उभा."

तो घोटभर प्यायला. आंबट होती, कोमट होती. तो पडला नाही. त्यानं भाला भिंतीला टेकवला आणि मडकं त्या पहारेकऱ्याकडे सरकवलं.

भिंत एका दिवसात सांधली नाही. वैद्यांचं औषध चालूच राहिलं. ओस घरांत एकेक करून बिऱ्हाडं परत आली, काही कधीच आली नाहीत. मुलगी पुन्हा मागावर बसली. पण अधूनमधून पोटावर हात ठेवून थांबायची. मोठ्या भेगेचा वण शेवटपर्यंत राहिला.

नव्या पहारेकऱ्याला नाईक आता आधी त्या वणापाशी नेतो.

"हे कुणी केलं?" तो विचारतो.

"चोरांनी," पोरगा ठोकून देतो.

"मी केलं," नाईक म्हणतो. "चल, आजी चुलीपाशी वाट बघतेय. भाला नंतर मिळेल."

तात्पर्य: राखण करायची असेल तर आधी शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी, न ओळखता फेकलेला भाला आपल्याच भिंतीत रुततो.