रायबाचा वड

"उद्याच्या खेळात विंगेमागचं एक माणूस जरी मला दिसलं, तर तुमची नाटक मंडळी संस्थानाबाहेर!" देवखिंडीचे हैबतराव महाराज कडाडले.

महाराजांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांची खुर्ची पडली कडेला. तिथून दोन विंगांमधली फट सरळ दिसायची. काल द्रौपदीला पळवून नेण्याआधी जयद्रथ आत उभा राहून तिची पाठ खाजवत होता!

"महाराज, विंग जरा सरकवतो," मालक नरहरपंत म्हणाले.

"तसूभरही नाही! नवं कापड नाही, नवी फळी नाही. माझी खुर्चीही हलणार नाही!"

"मग नटांना..."

"नटांनी तिथूनच यायचं! दुसरीकडून आलेला मला चालत नाही!"

पंतांनी कपाळाला हात लावला. विंगा रंगवणारा रायबा मागे उभा होता. त्याला स्वतःचाच राग आला. फट राहते हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. पोटापलीकडचं त्याला काहीच दिसत नसे.

"पंत, काळजी सोडा," तो म्हणाला. "माझी चित्रकला भिकार आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा आंबा लोकांना फुलकोबी वाटतो. पण हे काम जमेल. याला कला लागत नाही, आकार लागतो!"

दुसऱ्या दिवशी खेळ रंगला. फटीत एक गलेलठ्ठ वड उभा होता. त्याच्या आड जयद्रथ कधी आला, द्रौपदी कधी गेली, कोणाला पत्ता लागला नाही. मध्येच भीमाला स्फुरण चढलं आणि तो वड उपटायला धावला. वड दातओठ खात पुटपुटला, "भीमराव, दमानं! मला मणक्याचं दुखणं आहे!"

पडदा पडताच महाराज तरातरा रंगमंचावर चढले.

"पंत! नवं झाड उभं केलंत? माझा हुकूम मोडलात?" त्यांनी हातातली काठी उगारली.

"सरकार, हळू!" वड ओरडला.

महाराज दोन पावलं मागे सरले. वडाने हात जोडले. पारंब्यांचा काथ्या दाढीवरून गळून पडला.

"कोण रे तू?"

"रायबा, सरकार. विंगा रंगवतो. आज स्वतःला रंगवलं. चित्र पहिल्यांदाच ओळखू आलं!"

"पण नवं कापड नको म्हणालो होतो ना?"

"हे धोतर लग्नातलं आहे, सरकार."

"आणि फळी?"

"फळी कुठली? बायको म्हणते, नुसता उभा असतोस, हलत नाहीस, खातोस मात्र भरपूर. म्हटलं, मग झाडच झालेलं बरं! हा वड कापडाचा नाही, लाकडाचाही नाही. चाळीस वर्षांच्या भाकरीचा आहे!"

महाराज पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि वडाच्या गळ्यात घालायला घेतला. तो हनुवटीपर्यंत पोचला, पण पुढे सरकेना.

"पंत," महाराज डोळे पुसत म्हणाले, "या कंठ्यात आणखी वीतभर मोती ओवून द्या. आणि या झाडाला रोज दोन्ही वेळा आमच्या मुदपाकखान्यातून खतपाणी!"